तीन नंबरचा नमुना

अनुवादक शोधून काढणं हे माझं काम. ते मला इतरांपेक्षा बरं जमतं, असा माझा एकोणीस वर्षं समज होता. इंग्रजी येणारी माणसं सोलमध्ये पायलीचे पन्नास मिळतात. बारा वर्षं अमेरिकेत काढून आलेले, परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवलेले, नवऱ्याच्या बदलीबरोबर सिंगापूरला जाऊन शिकून आलेल्या बायका, कोण हवं ते सांगा. पण ज्याला आपली कोरियन धड लिहिता येते असं माणूस शोधायचं म्हटलं की माझे डोळे पांढरे होतात.

मी मेंग इनसुक. मांगवॉनच्या बाजारामागच्या गल्लीत, किमची, भजी आणि तयार भाज्या विकणाऱ्या दुकानाच्या डोक्यावर आमचं प्रकाशन आहे. माणसं तीन: मालक प्यो साहेब, संपादक मी, आणि मुखपृष्ठं करणारी दोही नावाची पोरगी. दुपारी खालून लसणाचा वास वर येतो आणि मुद्रितं वाचता वाचता आम्हाला भूक लागते.

त्या वर्षी प्यो साहेबांनी एका इंग्रजी पुस्तकाचे हक्क घेतले. उत्तर इंग्लंडमधल्या एका इस्पितळाच्या धोबीखान्यात तीस वर्षं चादरी धुतलेल्या बाईच्या आठवणी. बारीकसं पुस्तक, पण ते वाचून मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. अनुवादक ठरलेला नव्हता. अनुवादकांच्या इंटरनेटवरच्या कट्ट्यावर मी जाहिरात टाकली: पुस्तकाचं काम आहे, घरी बसून करायचं, आधी नमुना द्यावा लागेल. आठवड्यात त्र्याऐंशी अर्ज आले.

नमुन्याची आमच्या धंद्यात एक रीत आहे. निवडक पाच जणांना पुस्तकातली तीच तीन पानं पाठवायची. त्यांनी ती आठवडाभरात कोरियनमध्ये करून द्यायची, फुकट. मग नावं झाकायची, कागदांवर एक ते पाच आकडे घालायचे आणि सगळ्यांनी वाचून आकड्याला मत द्यायचं. ओळखपाळख, कॉलेज, वय, काही मध्ये येत नाही. ज्यांचा नमुना पडेल त्यांना एक ठरावीक पत्र जातं आणि त्यांची फाइल पुसून टाकायची असते. ही रीत आमच्याकडे मीच आणली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती मोठ्या तोऱ्यात समजावून सांगत असे.

त्या पाचांत गुनसान या बंदराच्या गावची बान सोजंग होती. इतरांच्या अर्जांत पदव्यांचे ढीग. हिनं लिहिलं होतं, ‘वय सदतीस. वडिलांच्या लॉन्ड्रीत काम करते. यंत्रांबरोबर येणारी माहितीपत्रकं अनुवादित करते. पुस्तक अजून एकही नाही. पण हे पुस्तक मला समजेल असं वाटतं.’ मी तिला पाचांत घेतलं ते खरं सांगायचं तर गंमत म्हणून. धोबीखान्याच्या पुस्तकाला लॉन्ड्रीवाली काय करते ते बघू, असा मी विचार केला.

चार दिवसांनी तिचा फोन आला.

“मेंग बाई ना? रागावणार नसाल तर एक विचारू?”

“विचारा ना, बान बाई.”

“अहो, मला बाई नका म्हणू. मी कसली बाई! मी इस्त्री करते.”

“आमच्याकडे अनुवादकाला गुरुजनांसारखंच बोलावतात. सवय करून घ्या.”

ती जराशी हसली. “दुसऱ्या पानावर ते मोठं यंत्र आहे ना, ते पिळायचं की सुकवायचं? लेखिकेनं दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं म्हटलंय. बाबा म्हणतात पिळायचंच असणार, कारण त्यानंतरही तिला चादरी जड लागतायत.”

मागे वाफेची इस्त्री फुसफुसत होती. त्यातून एक म्हातारा आवाज ओरडला, “तिला विचार, साबण कुठला वापरायचे ते!”

“बाबा, गप्प बसा हो! सोलला फोन लावलाय!”

नमुना करताना यंत्राबद्दल विचारायला फोन करणारी माझ्या एकोणीस वर्षांतली ती पहिलीच. बाकीचे फोन करतात ते पानामागे किती मिळणार हे विचारायला, आणि त्यातही काही चूक नाही.

सोमवारी आम्ही तिघं टेबलाभोवती किंबाप खात नमुने वाचायला बसलो. एक नंबर नीटनेटका आणि निर्जीव. दोन नंबरवाल्यानं मशीनकडून करून घेऊन वर दोन हात फिरवले होते. तीन नंबरची सुरुवात अशी होती:

‘गरम पाण्याला माणसं कळत नाहीत. बाळंतिणीची चादर आणि मेलेल्याची चादर ते सारखीच धुतं.’

मी घास तोंडात तसाच ठेवून पुढे वाचत गेले. ती इंग्लंडातली बाई आमच्या खालच्या दुकानातल्या मावशीसारखी बोलत होती, आणि तरीही ती इंग्लंडातलीच होती. दोहीनं नाक ओढलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. प्यो साहेबांनी टेबलावर थाप मारली.

“तीन नंबर! बाकीचे कागद खालच्या मावशीला द्या भजी बांधायला.”

मला राहवलं नाही. मी जिन्यात गेले आणि बान सोजंगला फोन लावला. नाव झाकलेलं असलं तरी कोणता नमुना कुणाचा ते मला ठाऊक होतंच. आकडे मीच घातले होते. “निकाल उद्या रीतसर कळवीन,” मी म्हटलं, “पण आज निवांत जेवा.”

तिनं इस्त्री बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाली, “बाबांना सांगू?”

“सांगा की,” मी म्हटलं.

परत टेबलाशी आले तर प्यो साहेबांनी नावांची यादी उघडली होती.

“आधीची पुस्तकं?”

“एकही नाही.”

“शिक्षण?”

“गुनसानच्याच कॉलेजात.”

“करते काय?”

“लॉन्ड्री.”

साहेब खो खो हसले. “अहो मेंग बाई, धोबीखान्याचं पुस्तक आणि अनुवाद धोबिणीचा! पेपरवाले म्हणतील, यांना दुसरं कुणी मिळालं नाही.”

“पण नावं झाकून ठरवायचं होतं ना?”

“झाकून वाचलं ना? आता उघडून ठरवू.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मुखपृष्ठावर नाव लागतं, बाई. सन्वू प्रोफेसरांना विचारा.”

सन्वू प्रोफेसर विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवत आणि सकाळी टीव्हीवर पुस्तकांबद्दल गोड बोलत. त्यांच्याकडून नमुना मागवायचा का, असं मी विचारलं.

“प्रोफेसरांकडून नमुना? मला चारचौघांत तोंड दाखवायला जागा ठेवा!”

मी तोंडाळ बाई आहे. मुखपृष्ठाचा निळा रंग चुकला म्हणून याच साहेबांना मी एकदा दोन हजार प्रतींची आवरणं बदलायला लावली होती. त्या दिवशी मात्र मूग गिळून बसले. साहेबांना घाबरले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण प्रोफेसरांचं नाव ऐकल्यावर मला वाटलं, पुस्तकात त्यांच्या नावाखाली माझं नाव येईल, आणि ते मला आवडलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बान सोजंगला फोन करायची माझी छाती झाली नाही. ठरावीक पत्र पाठवलं. ‘आपला नमुना उत्तम आहे, परंतु या पुस्तकाच्या दिशेशी तो जुळत नाही. क्षमस्व.’ हे वाक्य मीच कधीतरी बनवलं होतं आणि शेकडो लोकांना पाठवलं होतं. तिचं उत्तर आलं नाही. तिनं आदल्या दिवशी बापाला सांगितलं असणार, आणि मग दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं असणार. मी त्याचा विचार करायचं टाळलं, आणि टाळता येतं हे पाहून मला हायसं वाटलं.

फेब्रुवारीत, ठरल्यापेक्षा दोन महिने उशिरा, प्रोफेसरांचं हस्तलिखित आलं. पहिलंच वाक्य होतं: ‘उष्ण जलास मानवी व्यक्तींची अभिज्ञता नसते.’

“हे इस्पितळ आहे की राजदरबार?” दोही म्हणाली.

पुढेही तसंच. चादरी ‘वस्त्रसामग्री’ झाल्या होत्या आणि पिळायचं यंत्र सुकवायला लागलं होतं. छापखान्याची तारीख ठरलेली, टीव्हीवरचा कार्यक्रम ठरलेला. मी लाल पेन घेऊन तीन दिवस पहिल्या प्रकरणाशी झोंबले. एक वाक्य सरळ करावं तर शेजारचं वाकडं होई. चौथ्या दिवशी मी तीन नंबरची फाइल उघडली.

ती पुसलेली असायला हवी होती. मी ती पुसली नव्हती. फक्त सूर कानात बसावा म्हणून उघडतेय, असं मी स्वतःला सांगितलं. आधी एक वाक्य उचललं, ते जागेवर असं काही बसलं की शेजारची वाक्यं उपरी दिसू लागली. मग परिच्छेद उचलला. चार वाजेपर्यंत तिन्ही पानं प्रोफेसरांच्या प्रकरणाच्या सुरुवातीला येऊन बसली होती. पाचसहा शब्द मी बदलले, चोरलेल्या सायकलला रंग द्यावा तसे. मग खाली जाऊन मावशीकडून गरम भजी आणली आणि दोहीलाही दिली.

मुद्रितं बघून प्रोफेसरांनी कळवलं, ‘पहिलं प्रकरण तुम्ही छान घासूनपुसून काढलंत, मेंग बाई. बाकीचंही तसंच बघा.’ त्यांना काय ठाऊक! मी घासलं असं ते समजले, आणि मी त्यांना तसं समजू दिलं. बाकीचं पुस्तकही मी तिच्या सुराच्या मागेमागे ओढत नेलं.

पुस्तक चाललं. तीन महिन्यांत तीनदा छापावं लागलं. एका पेपरनं पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा छापून लिहिलं, ‘असा अनुवाद करायला हाताला वय लागतं.’ आम्ही त्याच दोन ओळींच्या वाचनखुणा काढल्या, खाली प्रोफेसरांचं नाव. साहेबांनी गोमांसाची पार्टी दिली आणि म्हणाले, “बघितलात नावाचा गुण?” मी जाळीवरचं मांस उलटत होते. घशाखाली उतरू नये असं मला वाटत होतं, पण उतरत होतं.

जूनमध्ये गावोगावच्या पुस्तकांच्या दुकानांत प्रोफेसरांचे वाचनाचे कार्यक्रम ठरले. यादीत गुनसान होतं. मी ते नाव खोडायला पेन उचललं आणि ठेवून दिलं. खोडलं असतं तर साहेबांनी कारण विचारलं असतं. आणि शेवटी एवढ्या मोठ्या गावातून ती नेमकी त्या दुकानात कशाला येईल, असं मी मनाशी म्हटलं. कुठलं मोठं गाव आणि काय!

बंदराजवळच्या एका जुन्या भाताच्या कोठारात ते पुस्तकांचं दुकान होतं. शनिवारी दुपारी तीनला पन्नास खुर्च्या भरल्या. तिसऱ्या रांगेत कोटटाय घातलेला एक म्हातारा बसला होता. त्याच्या पँटीची घडी अशी होती की हात लावला तर कापेल. शेजारी पांढऱ्या शर्टातली एक बाई, हातात आमचं पुस्तक, मिटलेलं.

प्रोफेसर पहिल्या पानापासून वाचायला लागले. आवाज त्यांचा चांगला आहे. “गरम पाण्याला माणसं कळत नाहीत...”

त्या बाईचे ओठ हलत होते. प्रोफेसरांच्या मागून नाही. त्यांच्या अर्धा शब्द पुढे. ती पुस्तकाकडे बघत नव्हती, समोर भिंतीकडे बघत होती. एका ठिकाणी तिचे ओठ थांबले. तो शब्द मी बदलला होता. प्रोफेसर तो शब्द उच्चारून पुढे गेले, मग तिचे ओठ पुन्हा हलायला लागले.

ती जिना उतरणाऱ्या गरोदर बाईसारखी जपून, हळूहळू ती तीन पानं शेवटपर्यंत म्हणत गेली. मी भिंतीला टेकून उभी होते आणि जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं मला खरोखर वाटलं.

वाचनानंतर सही घ्यायची रांग लागली. रांगेत माझं काम ठरलेलं असतं. प्रत्येकाला नाव विचारायचं, पिवळ्या चिकटचिठ्ठीवर ते लिहून पहिल्या पानावर डकवायचं, म्हणजे सही करणाऱ्याला विचारत बसावं लागत नाही. तो चिठ्ठीवरून नाव उतरवून खाली सही करतो. नाव, चिठ्ठी, पुढचा. नाव, चिठ्ठी, पुढचा. मान वर न करता मी ते करत राहिले. मग पांढऱ्या शर्टाच्या बाह्या माझ्यासमोर आल्या आणि पुस्तक टेबलावर ठेवलं गेलं.

मी चिठ्ठी लिहिली, डकवली आणि पुस्तक पुढे सरकवलं.

ती हलली नाही. तिनं चिठ्ठीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“मी नाव सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली.

चिठ्ठीवर माझ्या अक्षरात ‘बान सोजंग’ लिहिलेलं होतं. “तुमच्या आवाजावरून...” मी म्हटलं.

“मी बोललेच नव्हते.”

ती रागानं बोलत नव्हती. रागावली असती तर मी टेबलाची कड तरी घट्ट धरली असती. तेवढ्यात मागून तो म्हातारा पुढे घुसला.

“सांगितलंस का यांना? नाही ना? ही अशीच, नुसती मुखदुर्बळ! बाई, तुम्ही प्रकाशनाच्या ना? अहो, या पुस्तकाचा नमुना हिनं दिला होता तुम्हाला. पडला. पडला तर पडला. एक दिवस आधी कुणीतरी फोन करून हिला भलतंच सांगितलं होतं, मी शेजारपाजारी माशाची भजी वाटून बसलो, तेही जाऊ दे.”

“बाबा, मागे लोक उभे आहेत.”

“थांब गं. तर परवा मी पुस्तक आणलं. हिचा नमुना माझ्याकडे छापून ठेवलेला होता. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, चष्मा लावला, आणि ओळीनं वाचत गेलो. शब्द न शब्द तोच! पाचसहा ठिकाणी हिचं चुकलंय, बाकी प्रोफेसरसाहेबांनी लिहिलंय तेच हिनं लिहिलंय!” म्हाताऱ्याचा चेहरा फुलला होता. “आता परीक्षेत दोघांचं उत्तर बरोबर आलं तर ते सारखंच येणार, हो की नाही? हिला म्हटलं, वेडे, तू प्रोफेसराइतकी आहेस, थोडक्यात हुकलीस. तेव्हापासून ही बोलतच नाही धड. यायलाही तयार नव्हती, मीच ओढून आणली.”

ती बापाकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी काय बोलते, एवढंच तिला बघायचं होतं. ते मला स्वच्छ कळत होतं. तिनं बापाला काहीही सांगितलेलं नव्हतं.

म्हाताऱ्याला माझ्या हातातल्या चिठ्ठ्या दिसल्या. “हे बरंय तुमचं, आमच्यासारखंच. नावाची चिठ्ठी टाचल्याशिवाय मी कपडा आत घेत नाही. बेचाळीस वर्षांत एक कोट इकडचा तिकडे गेलेला नाही, विचारा गावात कुणालाही.” मग तो आवाज खाली आणून म्हणाला, “पुढच्या खेपेला हिच्याकडे लक्ष ठेवा, बाई. एवढंच सांगायला आलो होतो.”

तिथे बोलता आलं असतं. पन्नास माणसं होती, प्रोफेसर पेन उघडून हसतमुखानं वाट बघत होते. चार शब्द पुरे होते: आजोबा, हे तिचंच आहे. ते शब्द माझ्या तोंडात आलेही होते.

“हो आजोबा,” मी म्हटलं. “पुढच्या वेळी नक्की.”

तेव्हा त्या माणसानं दोन्ही हात पँटीच्या शिवणीला लावले आणि माझ्यापुढे कमरेतून वाकून नमस्कार केला. पुरता वाकला, त्याच्या विरळ केसांतून मला त्याचं डोकं दिसलं. मीही वाकले. वाकल्यावर चेहरा लपतो, म्हणून जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

प्रोफेसरांनी चिठ्ठीवरचं नाव पहिल्या पानावर उतरवलं. ‘बान सोजंग यांस, स्नेहपूर्वक.’ खाली सही. “छान नाव आहे,” ते म्हणाले. तिनं दोन्ही हातांनी पुस्तक घेतलं. “आभारी आहे, सर,” ती म्हणाली, आणि बापाच्या कोपराला धरून निघून गेली. जाताना तिनं मागे वळून पाहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये प्रोफेसरांनी विचारलं, “ते आजोबा काय म्हणत होते हो? फार भारावलेले दिसले.”

“पुस्तक आवडलं म्हणत होते,” मी सांगितलं.

सोमवारी मी प्यो साहेबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तिनं तक्रार केली?”

“नाही.”

“वकिलाचं पत्र?”

“नाही.”

“मग तुमच्या पोटात का दुखतंय?”

“कारण चोरी मी केली,” मी म्हटलं. माझा आवाज चढला तशी दोही वळून बघायला लागली. “चौथ्यांदा छापायला जातंय, तेव्हा शेवटच्या पानावर तिचं नाव जाईल. ‘आरंभीच्या भागाचा अनुवाद: बान सोजंग.’ पुढचं पुस्तकही तिलाच द्यायचं, नमुना न मागता. नाहीतर माझा राजीनामा घ्या.”

साहेबांचा चेहरा पडला. ते चष्मा पुसायला लागले. “आधी तिला विचारा,” ते म्हणाले. “ती हो म्हणाली तर प्रोफेसरांशी मी बोलतो. कसं बोलणार ते देव जाणे.”

मी तिला पत्र लिहिलं. जिन्यातल्या फोनपासून ते बसमधल्या थापेपर्यंत सगळं. एकही ठरावीक वाक्य वापरलं नाही. शेवटी लिहिलं, नाव छापायला आपली परवानगी हवी, बाकी सगळं मी निस्तरीन. पाठवल्यावर मला इतकं हलकं वाटलं की दुपारी मी खालच्या मावशीशी अर्धा तास गप्पा मारल्या. शेवटच्या पानाची फाइलही तयार करून ठेवली, तिच्या नावासकट. नाव तिथे चांगलं दिसत होतं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं.

‘मेंग बाईंना नमस्कार. आपला प्रस्ताव उत्तम आहे, परंतु माझ्या कामाच्या दिशेशी तो जुळत नाही. क्षमस्व.

‘बाबांनी ते पुस्तक आणि माझा नमुना दुकानात इस्त्रीच्या टेबलाशेजारी ठेवलाय. कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते दोन्ही दाखवतात. माझ्या नावानं पान छापलंत तर तेही ते चष्मा लावून वाचतील, आणि मग त्यांना सगळं उमगेल. माझी तीन पानं गेली त्याचं त्यांना फार वाईट वाटणार नाही. पण एकाहत्तराव्या वर्षी आपण कुणापुढे कमरेतून वाकलो, हे त्यांना कळेल. ते कळू नये, एवढंच माझं मागणं आहे. जमलं तर बघा. बान सोजंग.’

मी ते पत्र दोनदा वाचलं. मग फाइल उघडून तिच्या नावाची ओळ काढली आणि फाइल छापखान्यात पाठवून दिली. आता ते पुस्तक सहाव्यांदा छापलं गेलंय. शेवटच्या पानावर अनुवादक म्हणून सन्वू प्रोफेसरांचं नाव आहे, आणि त्याच्याखाली, मला हवं होतं तिथेच, संपादक मेंग इनसुक.